देवकाबाईचा जबाब

देवकाबाई डेकाटेला दुपारची झोप लागायची ती उघड्या डोळ्यांनी. जेवणं आटोपली, भांडी पालथी पडली, की ती ओट्यावर भिंतीला टेकून बसायची. पुढ्यात सुपात निवडायची तूर, हात चालू, आणि बाई भलतीकडेच. हाक मारली तर ओ द्यायची, पण ती ओ येईपर्यंत हाक मारणारा दोन घरं पुढे गेलेला असायचा. सावळापूर गावाला तिच्या या तंद्रीची सवय होती. तिला दिवसा स्वप्नं पडतात असं बायका म्हणायच्या आणि हरवलेली गाय कुठं सापडेल ते विचारायला यायच्या. देवकाबाई खरं ते सांगून टाकायची, की मला गायी दिसत नाहीत, मला समुद्र दिसतो.

समुद्र तिनं जन्मात पाहिलेला नव्हता. वर्ध्याच्या पलीकडे ती दोनदाच गेली होती, एकदा नागपूरला नणंदेच्या बाळंतपणाला आणि एकदा रामटेकला. समुद्र तिला सुनेनं सांगितला होता.

सून होती डेन्मार्कची. नाव इंगर मॅडसेन. सन एकोणपन्नासच्या हिवाळ्यात ती सेवाग्रामला सूत आणि विणकाम शिकायला आली, ती सहा महिन्यांसाठी. तिथल्या शाळेत देवकाबाईचा एकुलता एक मुलगा वासुदेव मागावरचं काम शिकवायचा. त्यानं तिला ताणा कसा लावायचा ते दाखवलं. तिनं त्याला काय दाखवलं ते त्यालाच ठाऊक, पण सहा महिन्यांचं दीड वर्ष झालं, आणि एका रविवारी वासुदेवनं सायकल ओट्याला टेकवून, मला लग्न करायचं आहे, असं मायला सांगितलं. कोणाशी ते ऐकल्यावर देवकाबाई बराच वेळ तुरीतले खडे वेचत राहिली. मग तिनं विचारलं, भाकर खाते का? वासुदेव म्हणाला, खाते. थापता येते का? नाही येत. येईल, असं म्हणून देवकाबाईनं सूप उचललं आणि विषय संपला.

संपला तो तिच्यापुरता. जातीतले चार वडीलधारे येऊन बसले, सुपारी कातरत राहिले, आणि उठताना लग्नाला येणं जमणार नाही असं सांगून गेले. देवकाबाई वाद घालणारी बाई नव्हती. तिनं एवढंच केलं, की सुनेला घरात घेताना आपल्याकडे करतात ते सगळं रीतसर केलं. माप ओलांडून घेतलं, लक्ष्मीपूजन केलं, ताटात तांदूळ पसरले, वासुदेवनं त्यात अंगठीनं सासरचं नाव लिहिलं, गिरजा, आणि साखर वाटली. आपल्याकडे हे नाव एकदा पडलं की माहेरचं नाव माहेरीच राहतं. सावळापुरात अशा कित्येक म्हाताऱ्या होत्या, ज्यांचं पहिलं नाव त्यांच्या नवऱ्यांनाही आठवलं नसतं. गिरजाचंही तसंच झालं. शिवाय देवकाबाईनं विहिरीवर सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून टाकलं, की माझ्या सुनेला जो परकी म्हणेल त्यानं माझ्या ओट्यावर पाय ठेवू नये. आणि तो ओटा टाळणं कोणाला परवडणारं नव्हतं. लेकरांची पोटं धरली की चोळून द्यायला गावात तीच एक होती.

गिरजा मराठी शिकली ती सासूच्या तोंडून. त्यामुळे वासुदेव मास्तर शाळेत पुस्तकातलं मराठी बोलायचे आणि त्यांची निळ्या डोळ्यांची बायको घरात 'काऊन' आणि 'करून राह्यली' म्हणायची. पहिल्या वर्षी तिच्या भाकरीचे नकाशे व्हायचे, ते बैलानं खाल्ले. दुसऱ्या वर्षी भाकरी घरात खपू लागल्या. त्रेपन्न साली सखू झाली, मक्याच्या कणसाला असतात तसल्या केसांची. पोट चोळून घ्यायला येणाऱ्या बायका आधी सखूच्या केसांवरून हात फिरवायच्या आणि मग ओट्यावर टेकायच्या.

दुपारी दोघी सासवा-सुना एका सुपाशी बसत. गिरजा तिच्या गावचं सांगायची. मागच्या दारातून समुद्र कसा दिसतो, तिची आई, मारेन तिचं नाव, दोरीवर मासे कसे वाळत घालते, उन्हाळ्यात ऊन कसं जाता जात नाही. देवकाबाईला त्या उन्हाचा घोर लागायचा. सूर्य मावळतच नसेल तर माणसं जेवायला बसतात कधी, असं ती पुन्हा पुन्हा विचारायची. हळूहळू तिनं मनात ते सगळं गाव वसवून टाकलं. त्यात तुळशी होत्या, गोठे होते, आणि मारेन नऊवारी नेसलेली होती, कारण बाई दुसरं काही नेसते हे देवकाबाईच्या मनाला दिसतच नसे. कधी कधी ती निवडता निवडता हसायची. गिरजानं विचारलं तर म्हणायची, तुझी आई मासे वाळत घालत होती, पदर वाऱ्यावर उडाला. असं ते सुखाचं चाललं होतं.

आता कायद्याचं सांगायला हवं. परदेशी माणसाला इथं राहायचं तर दरसाल पोलीस कचेरीत जाऊन परवान्याची मुदत वाढवून घ्यावी लागते. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं गिरजा वासुदेवच्या सायकलवर मागे बसून वर्ध्याला गेली आणि शिक्का मारून घेऊन आली. तिसऱ्या वर्षी मुदतीच्या महिन्यातच सखू झाली. त्यानंतर त्या परवान्याची आठवण ना गिरजाला राहिली, ना वासुदेवला. कागद पेटीच्या तळाशी गेला, वर सखूची झबली आली.

छप्पन साली वासुदेवनं शाळेच्या वाचनालयात वर्तमानपत्रात वाचलं, की नागरिकत्वाचा नवा कायदा आला आहे आणि भारतीय माणसाच्या बायकोला अर्ज करून इथली नागरिक होता येतं. नेमकं त्याच सुमारास मारेन आजारी असल्याचं पत्र आलं. गिरजाला आईला भेटून यायचं होतं. पण जुन्या पासपोर्टवर, मुदत संपलेल्या परवान्यानं ती देशाबाहेर पडली असती तर परत येऊ देतील याचा भरवसा नव्हता. आधी नागरिक व्हायचं, मग जायचं, असं दोघांनी ठरवलं आणि अर्ज टाकला. त्याच वर्षी आपला जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्यामुळे आता आपण कुठं जायचं हे कागदांनाच काही महिने कळेना.

वासुदेवनं एक चूक केली. अर्जाचं मायला सांगितलं नाही. उगाच घोर लावून घेईल, असं त्याला वाटलं. मुलं आईबापांपासून गोष्टी लपवतात तेव्हा नेहमी असंच म्हणतात.

सत्तावन्नच्या जानेवारीत एका दुपारी पोलिसाचा शिपाई चौकशीला आला. वासुदेव शाळेत, गिरजा सखूला घेऊन शेतात. देवकाबाई ओट्यावर, आणि मनानं पार तिकडे, जिथं मारेन दोरीवर मासे उलटून टाकत होती. त्या उन्हात एकाएकी खाकी कपडे उभे राहिले. शिपाई भला माणूस होता. त्यानं कागद वाचून नीट विचारलं, की इंगर मॅडसेन नावाची परदेशी बाई या घरात राहते का?

खाकीनं तिच्या ओट्यावर याआधी एकदाच विचारणा केली होती. बेचाळीस साली, श्रावणात. लक्ष्मणराव घरात आहेत का, असं त्यांनी विचारलं, आणि देवकाबाईनं खरं सांगितलं, की आहेत, जेवायला बसलेत. नवऱ्याला अर्ध्या ताटावरून उठवून नेलं. अकरा महिन्यांनी तो परत आला तो खोकला घेऊन, आणि वर्ष काढून गेला. त्या दिवशी नाही म्हटलं असतं तर, हा विचार देवकाबाईनं पंधरा वर्षांत किती वेळा केला त्याला मोजदाद नाही.

"माह्या घरात परदेशी बाई नाई," ती म्हणाली. "माही सून हाय, गिरजा. दुसरं कोणी नाई."

शिपाई चावडीवर गेला. तिथं चार माणसांना नुसतं नाव सांगून विचारलं. इंगर मॅडसेन हे नाव त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं, त्यांनी प्रामाणिकपणे माना हलवल्या. पाटील अण्णाजींनी मात्र ते नाव ऐकलेलं होतं. त्यांनी एकदा डेकाट्यांच्या घराकडे पाहिलं, देवकाबाईनं काय सांगितलं ते शिपायाकडून ऐकून घेतलं, आणि खाली सही केली. अशी बाई गावात राहत नाही, असा पाच पंचांचा कागद तयार झाला. शिपाई अण्णाजींकडे भाकर खाऊन गेला. देवकाबाई कोणाला काही बोलली नाही. त्या दिवशी ती फार खुशीत होती. आपण या खेपेला चुकलो नाही, असं तिला वाटत होतं.

वीस दिवसांनी नोटीस आली. वासुदेवनं ती ओट्यावर उभ्यानंच वाचली, पुन्हा वाचली, आणि खाली बसला. अर्जात दिलेल्या पत्त्यावर अशी कोणी बाई राहतच नाही, असं चौकशीत आढळलं आहे. तिच्याकडे चार वर्षं परवानाही नाही. पंधरा दिवसांत खुलासा करावा, नाहीतर अर्ज रद्द होईल आणि तिला देश सोडावा लागेल. हे कोणी सांगितलं असेल, असं वासुदेव स्वतःशीच म्हणत होता, तेव्हा देवकाबाई दारातून म्हणाली, "म्या सांगतलं."

वासुदेव आयुष्यात पहिल्यांदा आईवर आवाज चढवून बोलला. खोटं कशाला बोललीस, कोणी सांगितलं होतं, असं बरंच काही. मग त्यालाच आठवलं, की आपण तिला काहीच सांगितलं नव्हतं, आणि तो मान खाली घालून बसला. गिरजा उठली आणि सखूची वेणी घालायला लागली, आणि घातलेली वेणी सोडून पुन्हा घातली. देवकाबाईला ते बघवेना. मी खरं बोलले तर नवरा गेला आणि खोटं बोलले तर सून चालली, मग माझ्या तोंडानं बोलावं तरी काय, असं तिला वाटलं.

वासुदेव दुसऱ्याच दिवशी वर्ध्याला गेला. कचेरीतले कारकून बापूराव कागदावरच्या माशीलाही नियम लावणारे, पण मनानं वाईट नव्हते. नवऱ्याच्या सांगण्याला इथं वजन नाही, ते म्हणाले, कारण नवरा तर असं म्हणणारच. ज्यांनी आधी नाही सांगितलं, त्यांनीच येऊन साहेबांपुढे बरोबर काय ते सांगायला हवं. वासुदेवनं अण्णाजींना विचारलं. अण्णाजींना सही खोटी होती हे कबूल करायचं म्हणजे पाटीलकी जायची भीती. त्यांनी पागोटं काढलं, डोकं खाजवलं, पागोटं घातलं. तेव्हा देवकाबाईच म्हणाली, की त्यांना कशाला ओढता, नाही मी म्हटलं, आता हो म्हणायला मीच जाते.

बैलांची दमणी जुंपून तिघं पहाटे निघाली, सखूला शेजारच्या मनकर्णाबाईकडे ठेवून. माघातलं कोवळं ऊन वर आलं तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जवस फुलला होता, निळाच निळा, वारा आला की सगळं शेत एका अंगावर कलायचं आणि पुन्हा सावरायचं. समुद्र असाच असतो का, असं देवकाबाईनं विचारलं. गिरजा म्हणाली, सकाळी असाच असतो. देवकाबाईला वाटलं, बैल असेच चालत राहावेत, वर्धा येऊच नये, आणि या निळ्यातून निघून आपण तिघं सरळ मारेनच्या मागच्या दारात उतरावं. तिनं पाणी विचारावं, आपण द्यावी ती सुनेची खुशाली. यात कुठं कचेरी नव्हती. पण बैलांना वर्ध्याचा रस्ता पाठ होता.

साहेब तरुण होते, बाहेरगावचे, चष्म्यातून नीट बघणारे. बापूराव टाक घेऊन जबाब लिहायला बसले. गिरजा आणि वासुदेव दाराशी बाकावर. साहेबांनी विचारलं, तुमच्या घरात परदेशी बाई राहते का?

देवकाबाईनं तोंड उघडलं आणि ती सुनेच्या भाकरीचं सांगायला लागली. पहिल्या वर्षी कशा फाटायच्या, आता कशा फुगतात. मग सखूच्या जन्माचं, सुनेनं बाळंतपणात हूं की चूं केलं नाही ते. मग आपल्याला मागच्या साली ताप आला तेव्हा नऊ दिवस उशाशी कोण बसलं होतं ते. बापूरावांचा टाक हवेतच राहिला. साहेबांनी तिला बोलू दिलं. ती दम घ्यायला थांबली तेव्हा ते हलक्या आवाजात म्हणाले, "आई, हे सगळं खरं असेल. पण ती परदेशी नाही असं तुम्ही म्हणालात, तर मी तिला भारतीय करू कसं? जी परकी नाही तिला आपली करून घ्यायचा कागद सरकारकडे नाही."

देवकाबाईला ते पटलं. पटलं म्हणूनच ते तिला सोसेना. सहा वर्षं जो शब्द तिनं गावात कोणाला उच्चारू दिला नव्हता, तो तिलाच उच्चारायचा होता, आणि तोही जिच्याबद्दल, ती दहा हातांवर बसलेली असताना. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. दाराकडे पाहायचं नाही असं ठरवलं आणि पाहिलंच.

"हो," ती म्हणाली. "माही सून परकी हाय. परदेशी हाय. म्या खोटं सांगतलं होतं." आणि एवढं म्हणून ती रडली, लक्ष्मणराव गेले तेव्हाही रडली नव्हती इतकी.

बापूरावांनी लिहून घेतलं, वाचून दाखवलं, अंगठा घेतला. मग साहेबांनी गिरजाला आत बोलावलं. चार वर्षं परवान्याची मुदत का वाढवून घेतली नाही, असं त्यांनी विचारलं.

"इसरली," गिरजा म्हणाली.

परवाना विसरलात, असं साहेब पुढे बोलणार तोच तिनं मान हलवली. "परवाना नाई, साहेब. मी परदेशी हाय, तेच इसरली. कोणी आठवणच दिली नाई."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. तो फार काही मळलेला नव्हता. त्यांनी तीन महिन्यांचा परवाना दिला, उशिराचा दंड भरून घेतला, आणि अर्ज शिफारशीसह वर पाठवला. अण्णाजींच्या सहीबद्दल त्यांनी विचारलंच नाही, आणि बापूरावांनीही तो कागद फायलीत सर्वांत खाली ठेवला.

वैशाखात प्रमाणपत्र आलं. त्याआधी गिरजाला शपथ घ्यावी लागली आणि आधीच्या देशाचं नागरिकत्व सोडते असं लिहून द्यावं लागलं. ते तिनं घोटीव अक्षरात लिहून दिलं, आणि घरी येऊन जेवली नाही. गावात साखर वाटली गेली. मनकर्णाबाईनं विचारलं, हे कशाबद्दल, गिरजा तर आपलीच आहे. तिला समजावून सांगता सांगता वासुदेव मास्तर दमले.

दुपारी सुपाशी बसल्यावर देवकाबाईनं विचारलं, आता तू माहेरी जाशील तेव्हा कशी जाशील? गिरजा म्हणाली, इथल्या पासपोर्टवर, पाहुणी म्हणून. तिथंही पोलिसात नोंद करावी लागेल का? लागेल. म्हणजे तू किती दिवस राहणार, कुठं राहणार, सगळं? सगळं. मग तिथला शिपाई तुझ्या आईकडे चौकशीला येईल का? गिरजा म्हणाली, येईलही.

देवकाबाईचे हात थांबले. तिला मारेनचं अंगण दिसत होतं, दोरी, मासे, आणि त्या न संपणाऱ्या उन्हात दाराशी उभे राहिलेले कोणाचे तरी खाकी कपडे. मारेन नऊवारीचा पदर सावरत होती आणि काय सांगावं ते तिला सुचत नव्हतं. देवकाबाईनं गिरजाला कागद आणायला लावला आणि मी सांगते तसं तुझ्या भाषेत लिही म्हणाली. एक शब्द कमी करू नको, जास्त करू नको. गिरजा लिहीत गेली, मध्ये एकदा थांबली, पुन्हा लिहायला लागली.

"बाई, तुमच्या दारी शिपाई येईन. तुमची पोरगी परदेशी हाय का, म्हणून विचारीन. तुम्ही भिऊन नाई म्हणजाल, तं म्हणू नका. हो म्हणा. म्या एक डाव नाई म्हटलं, तं पोरगी हातची जात होती. हो म्हणणं लय जड जाते. पण म्हणा. म्हटल्यानं पोरगी परकी होत नाई. म्या म्हणून पाह्यलं."